बरोबरीत सुटलेलं गुरुत्वाकर्षण

माझे दाजी हंबीरराव यांनी शहाण्णव साली पदार्थविज्ञान मोडीत काढलं. एकट्यानं. उद्यमनगरातल्या त्यांच्या कारखान्यात पंपाच्या मोटारी बनत आणि वीज गेली की सिद्धांत बनत. त्या काळात वीज फार जायची. सिद्धांत असा की जगात अणू नाहीत, रेणू नाहीत, आहेत ते उत्तर आणि दक्षिण असे दोनच प्रवाह. प्रवाह गाठ मारून बसला की दगड, सैल पडला की हवा. गुरुत्वाकर्षण ही तर निव्वळ थाप. काम सगळं चुंबकाचं आणि नाव भलत्याचंच.

मी गारगोटीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, म्हणजे दाजींच्या मते पोरांना फसवायचा पगार घेत होतो. "तुला न्हाय कळायचं जोतीराम, तू शिकलायस की," असं ते अगदी मायेनं म्हणायचे. मी हसून चहा प्यायचो. जोवर सिद्धांत कारखान्यात होता तोवर हसायला काही हरकत नव्हती.

मग त्यांनी तो घरी आणला. माझी थोरली बहीण आक्का, म्हणजे दाजींची बायको, हिला मधुमेह. डॉक्टरांच्या गोळ्यांवर बरं चाललं होतं. दाजींनी शोध लावला की रक्तातली साखर म्हणजे दक्षिण प्रवाहाला आलेला माज. त्यांनी जुन्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढून पाण्याच्या घागरीखाली ठेवलं, आक्कानं तेच पाणी प्यायचं असं ठरवलं आणि गोळ्या बंद केल्या. दिवाळीनंतर मी गेलो तर तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम. भरत नव्हती, आणि दुखतही नव्हती. न दुखणाऱ्या जखमेची मला जास्त भीती वाटली. मी दाजींवर ओरडलो, डॉक्टरांचं नाव घेतलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

दाजी शांत. "सिद्धांत खोटा हाय म्हणतोस न्हवं? मग पाड की त्याला."

आणि कोल्हापुरात कुणालाही पाडायचं झालं तर जागा एकच. दुसऱ्या दिवशी पेठेतल्या तालमीच्या फळ्यावर, कुणाच्या तरी दहाव्याच्या खाली आणि नळाला पाणी न येण्याच्या निषेधाच्या वर, खडूनं सुबक अक्षरात जोड जाहीर झाली : रविवारी दुपारी, हंबीरराव, चुंबक, विरुद्ध प्राध्यापक जोतीराम, गुरुत्वाकर्षण. निकाली लढत. अट अशी की दाजी पडले तर आक्काच्या गोळ्या सुरू, मी पडलो तर मी त्या घरात औषधाचं नाव काढायचं नाही. विद्यापीठात अशी सोय नाही, हे मान्य करायला हवं.

रविवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. तालमीच्या मातीत बायकांनी यायची रीत नाही, म्हणून जिच्यासाठी लढत होती ती आक्का पलीकडच्या गल्लीत घरी बसून हलगी ऐकत होती. पंच ज्ञानू वस्ताद. त्यांनी ऐन उमेदीत शंभर पैलवान लोळवले असतील, पण विज्ञानाशी त्यांची ही पहिलीच गाठ. त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर माती दिली आणि म्हणाले, "चला, डोळ्यात बोट घालायचं न्हाई."

मी तयारीनं गेलो होतो. एक पोरगा माडीवर चढवला, त्याच्या एका हातात लोखंडी वजन, दुसऱ्या हातात नारळ. म्हटलं, ओढणारं चुंबक असेल तर लोखंड आधी पडेल, नारळ मागं राहील. पोरानं दोन्ही सोडली. दोन्ही एकदमच मातीत रुतली. मी विजयी मुद्रेनं दाजींकडं बघितलं, तर दाजी माझ्यापेक्षा खूश.

"बघितलासा मंडळी? नारळबी लोखंडागत वडला गेला! म्हंजे नारळातबी चुंबक हाय!"

शिट्ट्यांनी पत्रा हादरला. मी लोहचुंबक नारळाला लावून दाखवलं. चिकटत नाही, बघा.

"चिकटंल कसं? नारळाचं चुंबक निजल्यालं असतंय!"

यावर कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. निजलेल्याला उठवता येतं, पण नारळाला उठवणार कसं? मग दाजींनी आपला डाव काढला. मधे भोक असलेली दोन गोल चुंबकं एका काठीत ओवली, वरचं खालच्याला न टेकता हवेत तरंगत राहिलं. "कुठं गेलं रं तुझं गुरुत्वाकर्षण? चहाला गेलं व्हय?" पब्लिक उभं राहिलं. एकानं तर टोपी उडवली.

मी शेजारच्या दुकानातून तराजू मागवला. एका पारड्यात काठी आणि दोन्ही चुंबकं चिकटवून ठेवली, दुसऱ्यात वजनं टाकून काटा मध्ये आणला. मग वरचं चुंबक उलटं करून तरंगत ठेवलं. काटा जागचा हलला नाही. "तरंगतंय, पण वजन कुठं गेलेलं नाही," मी ओरडलो. "पृथ्वी त्याला अजून तेवढंच ओढते. खालचं चुंबक त्याला फक्त उचलून धरतंय."

दाजींनी तराजूकडं वाकून बघितलं, पारडं बोटानं हलवलं, परत बघितलं. त्या क्षणी मला आक्काचा अंगठा बरा होताना दिसला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शिट्टी झाली. ज्ञानू वस्ताद मध्ये आले, त्यांनी आमचे दोघांचे हात धरून वर केले. "लय येळ झाला. कुणाचीच पाठ मातीला लागल्याली न्हाई. बरोबरीत!"

"अहो वस्ताद, काटा बघा की!"

"काटा आमी बघत न्हाई, मास्तर. पाठ बघतो." आणि मग खालच्या आवाजात, "हंबीररावांनी तालमीवर पत्रा घातलाय. तुम्हीबी पेठेचं पावणं. जोरात झालं, आता फेटा घ्या."

दोघांना फेटे बांधले. पेढे वाटले. चुंबक आणि गुरुत्वाकर्षण यांनी एकमेकांना मिठी मारली. दाजी माणूस शब्दाचा पक्का, त्यांनी तिथंच जाहीर केलं की लढत बरोबरीत सुटली, तेव्हा गोळीही बरोबरीत. रोज अर्धी. पेठेनं त्यांच्या मनाच्या मोठेपणाला टाळ्या वाजवल्या.

मी फेट्यासकट घरी गेलो. आक्का स्वयंपाकघरात बसली होती. समोर पाण्याचा तांब्या आणि कागदावर एक अख्खी गोळी, हलगी सुरू झाली तेव्हाच काढून ठेवलेली. निकाल माझ्या आधी गल्लीतल्या पोरांनी पोचवला होता.

"आक्का, अख्खी घे. दाजींना कळणार नाही."

"त्येनी पंचांम्होरं शबूद दिलाय. म्या मोडू व्हय?"

तिनं गोळी पोळपाटावर ठेवली आणि विळीच्या टोकानं दाबली. गोळी वेडीवाकडी तुटली. आक्कानं पोळपाट माझ्यापुढं सरकवला. मला नुसता संताप आला होता, वस्तादांचा, दाजींचा, डोक्यावरच्या त्या फेट्याचा.

"जोतीराम," ती म्हणाली, "ह्यातला मोठा तुकडा कुठला, बघून सांग की रं. तेवढं तरी येत असंल न्हवं तुझ्या शास्त्राला."

मी वाकून बघितलं आणि डावीकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं.