मासा केवढा होता

घड्याळवाल्याने शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय रोवला आणि दातात धरलेला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

"शिडी धर गं जरा."

बायकोने शिडी धरली नाही. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या दारात ती हाताची घडी घालून उभी होती.

"दरवाजेवाल्या बाई येतायत ना? मग तुझं काय अडलंय?"

"दहाला येणार होत्या. आता दहा वाजून आठ मिनिटं झाली."

सकाळी सात वाजता गॅरेजमध्ये बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला होता. तिघंही धावत आले, तर गाडी जागच्या जागी, दरवाजा जागच्या जागी. फक्त दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर ज्या दोन जाडजूड स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्यातली डावी मधोमध तुटली होती. घड्याळवाल्याने मोटरचं बटण दाबून पाहिलं. मोटर कण्हली, दरवाजा वीतभर उचलला गेला आणि असा आदळला की फळीवरच्या बरण्यांची झाकणं उडाली. तेव्हा बायकोने मोटरचा प्लगच काढून टाकला आणि फोन केला.

एरवी कुणी एवढी घाई केली नसती. पण गाडीत, मागची सीट काढून, रजईत गुंडाळलेलं एक घड्याळ निजवलेलं होतं. नव्या हॉटेलचं. आज बारा वाजता उद्घाटन, आणि बाराचे टोले याच घड्याळाने द्यायचे, असं मालकाने पाहुण्यांना छापून कळवलं होतं. तीन महिने खपून घड्याळवाल्याने ते जिवंत केलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून ते बाहेर निघत नव्हतं. मोजून झालं होतं, दोनदा. आणि त्याला लंबक नसल्यामुळे रजईत आडवं पडूनसुद्धा ते चालूच होतं. दर पाव तासाने आतून दबका टोला यायचा आणि घड्याळवाला मनगटाकडे बघायचा.

"दिवसाला दहा स्प्रिंगा जातात माझ्या हाताखालून," तो वरून म्हणाला.

"त्या नखावर मावतात. ही माझ्या मनगटाएवढी आहे."

"मापाने काय होतं? स्प्रिंग ती स्प्रिंग. ताण सोडायचा, जुनी काढायची, नवी चढवायची. आणि ही तर तुटलेलीच आहे. हिच्यात कसला आलाय ताण!"

त्याने खाली वाकून भिंतीवरच्या दोन खिळ्यांवरून आपली लहानपणची तलवार उचलली. तलवार म्हणजे हातभर लांबीची लोखंडी कांब, मुठीला निळी चिकटपट्टी. हिच्या जोरावर त्याने एके काळी अख्खी गल्ली जिंकली होती. तलवारीचं टोक तुटक्या स्प्रिंगला टोचून त्याने दाखवलं. "बघ. मेलेली आहे."

"मेलेलीची भीती नाही," कोपऱ्यातून आवाज आला. "उजवी जिवंत आहे. दरवाजाचं वजन पोटात धरून बसलीय. डावी काढायची तर आधी हिला सोडवावं लागणार, आणि तिथेच ती चावते."

बोलणारा म्हातारा, म्हणजे घड्याळवाल्याचा बाप, उलट्या बादलीवर बसला होता. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुळापासून नव्हती.

"तुम्हाला हो काय माहीत, बाबा? जन्म गेला सिनेमाच्या दारावर तिकिटं फाडण्यात."

"त्याआधी?"

"त्याआधी तुम्ही जहाजावर होतात," घड्याळवाला म्हणाला आणि तलवार खिळ्यांवर ठेवता ठेवता हसला.

सगळ्या घराला, नात्यागोत्याला आणि वाण्यालाही ठाऊक होतं की ती दोन बोटं माशाने नेली. मुलगा चौथीत होता तेव्हा मासा लाटण्याएवढा होता. त्याचं लग्न ठरलं तोवर होडीएवढा झाला. अलीकडे त्याला वळायला बंदर अपुरं पडायचं. गोष्ट सांगताना म्हातारा दोन्ही हात असे फाकवायचा की त्यात आजवर दोन फुलदाण्या आणि शेजाऱ्यांचा चष्मा कामी आला होता.

"जहाजावर एका खलाशाने असाच हट्ट केला होता," म्हातारा घाईघाईने म्हणाला. "स्प्रिंग सुटली तसा तो जो उडाला, तो थेट दीपगृहावर. तिथे त्याने दीपगृहवाल्याच्या मुलीशी संसार थाटला, दोन पोरं झाली, तरी त्याचा स्क्रूड्रायव्हर अजून खाली पडायचा होता!"

घड्याळवाला इतका हसला की शिडी हलली. हसत हसतच त्याने उजव्या स्प्रिंगच्या टोकाच्या गोलातलं भोक शोधलं आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. भोक मोठं, दांडी बारीक. ती आत खुळखुळली.

रजईतून सव्वादहाचा टोला आला.

"मासा नव्हता," म्हातारा म्हणाला.

"अं?"

"स्प्रिंग होती. एका गोदामाचा दरवाजा होता. मी दरवाजे बसवायचो तेव्हा. हातात स्क्रूड्रायव्हर होता, तुझ्यासारखाच. भोकातून निसटला."

"वा! ही नवीन आहे." घड्याळवाल्याने मुठीची पकड घट्ट केली. "हिच्यात दीपगृह कुठे येतं?"

बायको दारातून निघाली, तरातरा चालत आली आणि तिने शिडी धरली.

"उतर."

"अगं, आता हातात आलंय तर..."

"उतर म्हणते ना! बाबांचे हात बघ."

त्याने खाली पाहिलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात मांडीवर होते. गोष्ट सांगून झाली होती आणि ते तसेच, तिथेच होते.

घड्याळवाल्याने स्क्रूड्रायव्हर भोकातून हळूच काढला आणि तो उतरला. उतरल्यावर मात्र त्याचा पारा चढला. माणूस घाबरून उतरला की त्याला कुणावर तरी ओरडावंच लागतं.

"आणि तुम्हाला कळत नव्हतं? कारागीर ना तुम्ही? स्क्रूड्रायव्हर कशाला घातलात?"

"कळत होतं. त्याला सळया असतात, भोकाच्या मापाच्या. दोन. पिशवीत एकच निघाली."

"मग दुसरी आणायची घरी जाऊन."

"गोदामवाल्याला घाई होती. मलाही होती." म्हातारा बादलीवरून उठला. भिंतीकडे बघितल्यासारखं करून त्याने मान वळवली. "चहा टाकतो. बाई येतील इतक्यात."

बाई आल्या साडेदहाचा टोला पडून गेल्यावर. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कमरेला हत्यारांचा पट्टा. त्यांनी शिडीकडे पाहिलं, शिडीवर ठेवलेल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं आणि विचारलं, "हा शहाणपणा कुणाचा?"

"यांचा," बायको म्हणाली. "घड्याळं दुरुस्त करतात."

"मग बोटं लागत असतील कामाला," बाई म्हणाल्या आणि तिघांना दारापलीकडे उभं केलं.

दरवाजा हलू नये म्हणून त्यांनी रुळाला शिकंजा कसला. पट्ट्यातून दोन लोखंडी सळया काढल्या. एक भोकात घालून ताण हातावर घेतला, गोल दांड्यावर आवळणारा स्क्रू सैल केला, मग दुसरी घातली, आणि तेव्हाच पहिली काढली. पाव फेरा, पुन्हा पाव फेरा. तोंड बाजूला, अंग बाजूला.

"एक आत बसल्याशिवाय दुसरी बाहेर काढायची नाही," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "एवढंच आहे बघा या धंद्यात. बाकी सगळी नुसती ताकद."

दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. एकीचं वय झालं म्हणजे दुसरीचंही झालं, असं त्यांचं म्हणणं. घड्याळवाला दारात उभा राहून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत होता, एकेक, ओळीने. सव्वाअकराचा टोला पडला तेव्हा बाईंनी एका हाताने दरवाजा उचलला आणि तो पडद्यासारखा वर गेला. गॅरेजमध्ये ऊन शिरलं.

"पोचतोय! पोचतोय आपण!" बायको गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

बाई हत्यारं आवरत भिंतीपाशी आल्या आणि थांबल्या. खिळ्यांवरची तलवार त्यांनी उतरवली, हातात तोलली, टोक बोटाने चाचपलं.

"ही इथे कशी? जुन्या मापाची सळई आहे. स्प्रिंग वळवायची. मुठीला पट्टी कुणी गुंडाळली?" त्यांनी आपल्या सळयांशेजारी ती धरली. "एकटी काय कामाची? हिची जोडीदार कुठंय?"

"ती माझी तलवार आहे," घड्याळवाला हसत म्हणाला. "अगदी लहान असल्यापासून..."

हसू तेवढं तोंडावर राहून गेलं.

म्हातारा चहाच्या कपांत काहीतरी शोधत होता. कप रिकामे होते.

बाईंनी सळई घड्याळवाल्याच्या हातात दिली आणि त्या आपला पट्टा उचलून बाहेर गेल्या. बायकोने हॉर्न वाजवला.

"अरे, चल ना! काय झालं?"

घड्याळवाल्याने सळई उजव्या हातात घेतली. निळी पट्टी मुठीवर सैल पडली होती, आणि मूठ इतकी आखूड होती की त्याची तीनच बोटं तिच्यावर मावत होती.

"बाबा," तो म्हणाला. "तो मासा केवढा होता नेमका?"

म्हाताऱ्याने सवयीने दोन्ही हात उचलले. फाकवायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. डावा हात खाली आला. उजवा, तीन बोटांचा, जमिनीला समांतर, गुडघ्याच्या जरा वर येऊन स्थिरावला.

"एवढा," तो म्हणाला. "जा आता. उशीर होईल."