पुस्तकाच्या पाठीतला कागद

बाइंडिंगच्या त्या दुकानात दोन बहिणी काम करायच्या आणि दोघींचं पटत नाही, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. ते खरं नव्हतं. पटत नव्हतं फक्त थोरलीचं, आणि तेही धाकटीच्या जेवणाशी, झोपेशी, चपलांशी आणि एकूणच जगण्याच्या तऱ्हेशी. थोरलीला सगळे शिस्तबाई म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तेवढी कुणाची छाती नव्हती.

दुकान वडिलांच्या वेळचं. एक लांबट खोली, खिडकीशी शिलाईचं टेबल, मागच्या भिंतीशी खळीचं टेबल आणि मध्ये लोखंडी दाबयंत्र. त्याचं चाक शेवटपर्यंत आवळायला दोघींचे चार हात लागायचे. वडील होते तेव्हापासून शिलाई धाकटीची. ती घडी घातलेल्या पानांचे फर्मे एकावर एक ठेवत अशी शिवत जायची की दोरा कुठून शिरला नि कुठून निघाला ते शोधून सापडू नये. थोरलीचा हात जड. तिची शिलाई घट्ट असायची, पण सरळ नसायची, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी रक्तदान करायला गेली आणि आठवड्याने पत्र आलं. तुमचं रक्त घेता येत नाही, त्यात हेपेटायटिस सीचा विषाणू आहे, तो यकृतात बसतो, आणि बहुधा बऱ्याच वर्षांपासून बसलेला आहे. थोरलीने पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि बहिणीच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे बोटभर लांबीचा निळा मासा गोंदलेला होता. अठराव्या वर्षी मैत्रिणीबरोबर जाऊन धाकटीने तो हौसेने काढून घेतला होता, घरात कुणाला न विचारता, आणि कुणाकुणाला टोचलेल्या सुईने.

"तेव्हाच म्हटलं होतं," थोरली म्हणाली. "हा मासा तुला गिळणार."

त्याच दिवशी दोघींच्या जागा बदलल्या. शिवताना सुई बोटात जाते, रक्त येतं, उद्या तीच सुई माझ्या बोटात गेली तर, असं थोरलीचं म्हणणं. धाकटीच्या सुईला लाल दोरा बांधून तिने ती खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवून टाकली. धाकटी एरवी शब्दाला शब्द लावणारी, पण त्या दिवशी मुकाट्याने खळीच्या टेबलाशी जाऊन बसली. ताईला काही व्हायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

मग सुरू झालं पथ्य. त्या बाबतीत थोरलीचा शब्द शेवटचा. ती दहा वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती, डोळे पिवळेजर्द झाले होते, आणि आईने दोन महिने उकडलेल्या बेचव अन्नावर ठेवलं तेव्हा ती उतरली. ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की पुढचं वाक्य धाकटी आधीच ओठांतल्या ओठांत म्हणायची.

"जिभेवर ताबा ठेवला म्हणून मी उभी राहिले. तुला एक बिस्कीट सुटत नाही."

आता या विषाणूवर तीन महिन्यांच्या गोळ्या निघाल्या होत्या. बहुतेकांचा विषाणू त्यांनी कायमचा जातो, असं धाकटीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. धाकटीचं यकृत इतकी वर्षं तग धरून होतं, पण शेवटच्या तपासणीत ते कडक व्हायला लागलेलं दिसलं. आता दिवस घालवू नका, असं त्यांनी बजावलं. आणि धाकटी काही केल्या तयार होईना.

"रोज एक, चौऱ्याऐंशी दिवस, एकही न चुकवता?" ती हसून म्हणाली. "ताईला विचारा माझं काय ते. मला नेमाचं काही जमत नाही हो. औषध बिचारं वाया जायचं."

ती हसली खरी, पण नऊ वर्षं ऐकलेलं तिच्या हाडीमासी खिळलं होतं.

डॉक्टरीणबाई भावंडांचा अभ्यासही करत होत्या. एकाच घरातल्या एकाला हा आजार चिकटतो आणि दुसऱ्याला नाही, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी थोरलीचंही रक्त मागितलं. "घ्या," म्हणत थोरलीने बाही वर सरकवली. "निरोगी रक्त कसं असतं तेही एकदा बघून घ्या."

महिनाभराने त्यांनी तिला एकटीलाच बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि यकृताचं एक रंगीत चित्र होतं. चित्राचा एक कोपरा सुटला होता आणि तो चिकटवून टाकावा असं थोरलीच्या हाताला सारखं वाटत होतं.

"तुमच्या रक्तात आज विषाणू नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो येऊन गेल्याच्या खुणा आहेत. तुम्हालाही हा आजार झाला होता."

"मला?" थोरलीने आपली दोन्ही मनगटं पुढे केली. "कुठे काही गोंदलंय का बघा."

"लहानपणी कधी एकत्र आजारी पडला होता?"

थोरलीला दोघींचा ताप आठवला. पंधरा दिवस रोज दवाखाना, काचेची सिरिंज, एकच सुई, आधी ती आणि लगेच धाकटी. त्यानंतर काही आठवड्यांनी तिची कावीळ.

"ती कावीळ बहुतेक हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या शरीराने जोरात हल्ला केला, डोळे पिवळे झाले, आणि विषाणू हाकलला गेला. बहिणीच्या शरीराला त्याचा सुगावा उशिरा लागला, तोवर तो ठाण मांडून बसला. आईवडिलांकडून दोघींना जे आलं ते सगळं सारखं नाही. एका जनुकात तुमच्या वाट्याला आलेला प्रकार या विषाणूला हाकलायला मदत करणारा आहे, तिच्या वाट्याला दुसरा आला. तेवढंच एक कारण, असं मी म्हणणार नाही. अजून बरंच आम्हालाही कळलेलं नाही."

"पण माझं पथ्य..."

"पथ्य केलंत ते चांगलंच. पण विषाणू त्याने गेला नाही."

थोरलीने रिपोर्टची घडी घातली. "हे तिला सांगायलाच हवं का?"

"रिपोर्ट तुमचा आहे. मी नाही सांगणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरली वाईट नव्हती हो. पण चाळीस वर्षं जी गोष्ट उशाशी घेऊन झोपलो, ती एका कागदाने काढून घेतली की माणूस भांबावतं. रिपोर्ट फाडावा तर फाडवेना. घरी न्यावा तर धाकटी सगळे कप्पे उचकटते. शेवटी तिने तो दुकानातल्या रद्दीच्या खोक्यात तळाशी सरकवला. पुस्तकाच्या पाठीला आतून चिकटवायच्या पट्ट्या त्याच खोक्यातल्या कागदांच्या निघतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी सरकवला. दोन दिवस ती इतकी गोड वागली की धाकटीने तिला बरं नाही का म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी एका वाचनालयाची जुनी पुस्तकं आली, गाडाभर. दुपारपर्यंत खोकं खाली खाली जात राहिलं. थोरलीने मान वर केली तेव्हा धाकटी एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीवर ब्रशने खळ लावत होती. चष्मा कपाळावर, गुणगुणणं चालू, आणि डाव्या हातात घडीचा तो पांढरा कागद. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिने तो पाठीच्या मापाने धरला, फाडायला बोटं लावली.

आता फक्त गप्प बसायचं होतं. कागद चिकटला असता, वर कापड आलं असतं, पुस्तक वाचनालयात गेलं असतं आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. थोरलीला हे सगळं स्पष्ट दिसलं. तिला तसं व्हावंसंही वाटलं, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

"थांब," ती म्हणाली. "तो कागद वाच."

धाकटीने चष्मा खाली ओढला. वाचला. काही शब्द तिला कळले नाहीत, ते थोरलीने सांगितले. सिरिंज, एकच सुई, कावीळ, आईवडिलांकडून आलेलं वेगवेगळं. शेवटचं वाक्यही तिने सांगून टाकलं. "मी काही केलं नव्हतं गं बरी व्हायला. आणि तूही काही केलं नव्हतंस."

धाकटीने मनगट वळवून बघितलं. "म्हणजे हा बिचारा मासा निर्दोष?"

"बहुतेक."

धाकटी हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. तिने ब्रश खळीत आपटला. "नऊ वर्षं, ताई! नऊ वर्षं मला वाटतंय मी वाया गेलेली बाई आहे. एक बिस्कीट खाल्लं तरी चोरून खायचे मी. आणि ती सुई! रोज तुझी वाकडी शिलाई बघायची आणि वर खळ फासायची."

"वाकडी असते हे मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

थोरली तशीच उभी राहिली, हात बाजूला सोडून, आणि तिचे डोळे भरून आले. आई गेली त्या दिवसानंतर धाकटीने ते पहिल्यांदाच पाहिलं.

मग धाकटीने रिपोर्टवर उडालेली खळ पदराने पुसली आणि तो नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"उद्या गोळ्या आणू," ती म्हणाली. "मी विसरले तर आठवण कर. नुसती आठवण. भाषण नको."

"नाही करणार."

"करशील. पण कमी कर."

थोरलीने खिळ्यावरची सुई काढली. लाल दोरा उन्हाने फिकट गुलाबी झाला होता, सुईला गंज चढला होता. ती टाकून तिने डबीतली नवी सुई काढली, खिडकीशी ठेवली आणि स्टूल मागे ओढून उभी राहिली.

"आणि बोटात गेली तर?" धाकटीने विचारलं.

"सुई तुझी, तुझ्याजवळच राहील. एवढी साधी गोष्ट मला तेव्हाच करता आली असती."

धाकटी बसली. नऊ वर्षांनी. दोरा तिने पहिल्या झटक्यात ओवला. थोरली मागच्या टेबलाशी गेली, ब्रश उचलला आणि खळ इतकी जाड फासली की ती कडेने टेबलावर ओघळली.

"पातळ लाव," धाकटी मान वर न करता म्हणाली.

"बरं," शिस्तबाई म्हणाली, आणि पातळ लावायला लागली.