सांबरशिंगाची मूठ

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, हे आमच्या मूल गावात ठरलेलं आहे. सकाळी फिरायला जावं, येताना टपरीवर चहा प्यावा आणि उरलेल्या दिवसात शेजाऱ्याच्या बांधकामातल्या चुका काढाव्यात. वनखात्यातून बाबू म्हणून निवृत्त झालेल्या गुणवंतरावांनी काही महिने हे सगळं इमानेइतबारे केलं. मग त्यांच्या मुलीनं, दिव्यानीनं, त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला आणि घराची शांतता गेली. त्या मोबाइलमध्ये एक दाढीवाला गोरा होता. कुठल्याशा बर्फाळ देशात तो लोखंड तापवायचा, ठोकायचा आणि शेवटी त्याची अशी सुरी करायचा, की कागद नुसता टेकवला तरी त्याचे दोन व्हायचे. गुणवंतराव जेवताना त्याला बघायचे आणि घास हातातच राहायचा.

एक दिवस त्यांनी ताटावरून जाहीर केलं, "मी चाकू बनवनं शिकून राह्यलो. चाकू, मंग लहान तलवारी."

"कोनासाठी?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"कोनासाठी म्हंजे? शौक हाये."

"मंग आधी माह्या विळीले धार लावून द्या. भेंडी कापली जात नाई, नुसती दबते."

विळीला धार लावणं हे बाजारातलं काम आणि आपली ती कला, असा फरक गुणवंतरावांनी बायकोला समजावून सांगितला. बायकोनं पोळी जरा जोरातच ताटात टाकली.

मागच्या अंगणात स्कूटरसाठी टिनाचं शेड होतं. स्कूटर उन्हात गेली आणि शेडमध्ये भट्टी आली. भट्टीला वारा घालायला दिव्यानीचं केस वाळवायचं यंत्र गेलं, ते तिला पुन्हा दिसलं नाही. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा आला. असा तुकडा कुठून आला हे सभ्य माणसं विचारत नाहीत. कोळशाची तर या जिल्ह्यात ददातच नाही. खाणीतून निघालेले ट्रक खड्ड्याखड्ड्याला थोडा थोडा सांडत जातात. गुणवंतराव फिरायला जाताना पिशवी नेऊ लागले. लोखंड राइसमिलच्या भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं. एवढ्या मोठ्या कलेत विकत आणलेली वस्तू एकच, चामड्याचा एप्रन, कारण गोऱ्याच्या अंगावर तो होता. गोऱ्याच्या दारात बर्फ होता आणि इथे मे महिना, हा तपशील त्यांच्या नजरेतून सुटला. पहिल्याच दिवशी त्यांना उचलून कूलरपुढे ठेवावं लागलं.

पहिलं पातं वाकलं. दुसरं लालबुंद करून तेलात बुडवलं, म्हणजे आपण ज्याला पाणी देणं म्हणतो ते केलं, तर ते 'टण्ण' म्हणून मधोमध तडकलं. तेल ज्योत्स्नाबाईंच्या डब्यातलं, जवसाचं. पुढे बरेच दिवस त्या घरच्या भाजीला लोखंडाचा वास येत होता. तिसरी सुरी भोपळ्यावर चालवली तेव्हा भोपळा जसाच्या तसा राहिला आणि मूठ तेवढी हातात आली. मग गुणवंतरावांनी हातभर लांबीची तलवार केली. ती किंचित डावीकडे बघायची. ती हातात घेऊन त्यांनी अंगणात फोटो काढून घेतला, खाली 'पोलाद आणि मी' असं लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि शेजाऱ्यानं मुकाट्यानं आपलं कुंपण वाढवून घेतलं. विळी मात्र बोथटच होती.

पण हसणं बाजूला ठेवून एक मान्य केलं पाहिजे, माणूस चिकाटीचा. वर्षभर ठोकठाक चालली. हाताला फोड आले, भुवया जळाल्या, एका कानाला कमी ऐकू येऊ लागलं. आणि एका सकाळी तेलातून एक पातं निघालं ते सरळ, सडपातळ, कुठे तडा नाही, टोकाला असं निमुळतं की बघत राहावं. घासल्यावर त्यात तोंड दिसायला लागलं. गुणवंतराव त्यात आपलं तोंड बघत बराच वेळ बसून राहिले. ती कट्यार होती, आणि ती चांगली होती. ज्योत्स्नाबाईसुद्धा हात पुसून बघून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे चांगलीच असणार.

तिकडे दिव्यानीचं लग्न ठरलं होतं. मुलगा प्रणित, मुलचेऱ्याकडे वनरक्षक, नुकताच लागलेला. आपल्याकडे नवरदेव हातात कट्यार धरतो आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतो. ही कट्यार बहुतेक मंडपवाल्याची असते. टिनाची, गंजकी, आजवर शंभर नवरदेवांनी धरलेली. गुणवंतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. जावई आपली कट्यार धरणार. लग्नाला खात्यातली सगळी मंडळी येणार. नोकरीभर त्या मंडळींनी त्यांना 'बाबू, ते कागद आणा' एवढंच म्हटलं होतं. त्यांनी जे जे लिहिलं ते दुसऱ्याच्या सहीनं बाहेर गेलं. आता मात्र सगळे विचारणार, ही कुणी केली? आणि ते भर मांडवात सांगणार, मी. त्यांना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, आणि ते फार होतं असंही नाही.

राहिली मूठ. गोऱ्याच्या उत्तम सुऱ्यांना हरणाच्या शिंगाची मूठ असायची. आणि देवानंही वेळ साधावी अशी, की धानाच्या बांध्यांपलीकडे, जंगलाच्या कडेला फिरताना गुणवंतरावांना सांबराचं शिंग सापडलं. गळून पडलेलं, भरदार. ते त्यांनी कोळशाच्या पिशवीत घालून घरी आणलं.

इथे जंगूची गोष्ट सांगणं भाग आहे. जंगू हा जंगलातल्या एका पाड्यावरचा गोंड माणूस. काही वर्षांपूर्वी त्याच्या भिंतीवर असंच एक गळलेलं शिंग सापडलं होतं. त्यावर तो पाण्याचा तुंबा टांगायचा. खात्याची माणसं आली, शिंग गेलं, जंगूही गेला. जामिनावर सुटला, पण तारखांना जाऊन जाऊन बैलजोडी विकली गेली आणि शेवटी तो मूलमध्ये लटारू मंडपवाल्याकडे खुर्च्या उचलायला लागला. त्याचा पंचनामा गुणवंतरावांच्या सुंदर अक्षरात होता. तेव्हा जंगूनं कचेरीत हात जोडून म्हटलं होतं, "बाबूसाब, मी मारलं नाई जी. ते पडलं होतं." आणि गुणवंतरावांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं, "गळलेलं असो का कापलेलं, शिंग ते शिंगच. सरकारी माल हाये."

मग मूठ घासताना त्यांना हे आठवलं नाही का? आठवलं की. शिंग कापताना जळक्या हाडाचा वास सुटला तेव्हा आठवलं. पण जंगूचं ते प्रकरण होतं आणि हा शौक होता. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. खात्याचा कायदा खात्याच्या माणसाला लागत नाही असं त्यांना वाटत होतं, असं कुणी म्हणेल. तेवढा विचारही त्यांनी केला नव्हता.

लग्नाच्या दिवशी वरात मांडवाच्या दारात आली. बँड थांबला. गुणवंतरावांनी सूत्रसंचालकाच्या हातून माइक घेतला, दुसऱ्या हातानं लाल फडक्यातली कट्यार काढून नवरदेवापुढे धरली आणि घसा साफ केला. फोटोवाला पुढे सरसावला. वऱ्हाडातल्या बायका "अगं बाई, किती छान" म्हणाल्या. प्रणितनं हात पुढे केला, मूठ बघितली आणि हात तसाच मागे घेतला.

"मामाजी," तो सासऱ्यांना हळूच म्हणाला, "हे सांबराचं हाये?"

"ओरिजिनल!" गुणवंतराव माइक बाजूला धरून खुलून म्हणाले.

प्रणितच्या मुंडावळ्या थरथरल्या. "साहेब इथीच हायेत. अन् फोटो काढून राह्यले. माही नोकरी अजून पक्की नाई झाली, मामाजी. आत ठेवा ना ते."

"काऊन? मी सोता..."

एवढ्यात प्रणितचे साहेबच पुढे आले. याच साहेबांच्या हाताखाली गुणवंतरावांनी शेवटची वर्षं काढली होती. साहेबांनी कट्यार हातात घेतली. अंगठा मुठीवरून सावकाश फिरवला, शिंगाच्या खरबरीत रेघांवरून, टोकापर्यंत. त्यांच्या मागे खात्याची माणसं उभी होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ते काय आहे हे पहिल्या नजरेतच कळलं होतं. कुणी मांडवाची झालर बघत होतं, कुणी बूट.

"प्लास्टिक आहे ना?" साहेब म्हणाले. "आजकाल हुबेहूब करतात. कुठून आणली, बाबू?"

हा सूर गुणवंतरावांच्या ओळखीचा होता. या सुरात विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते विचारणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. मी केली म्हटलं की पुढचा प्रश्न मुठीचा. त्यांनी प्रणितकडे पाहिलं. पोराचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला होता. आतल्या खोलीत दिव्यानी हिरव्या चुड्यात बसली होती.

"भाड्याची हाये, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "मंडपवाल्याची. मूठ... मूठ प्लास्टिकची."

गडबडीत माइक पुन्हा तोंडाशी आला होता, आणि तो चालू होता.

मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांनी ही बातमी सगळ्यांना नीट ऐकवली. पार स्वयंपाकाच्या कढईपर्यंत. पुढच्या खुर्चीवरच्या गुणाबाई, नात्यानं गुणवंतरावांच्या आतेबहीण आणि घरही जवळच, तोंडाला पदर न लावता म्हणाल्या, "अरे बाबू, वर्षभर ठोकठाक करून आमची झोप मोडली, अन् पोरीच्या लग्नात कट्यार भाड्यानं आनली?"

मांडव हसला. साहेबही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. प्रणितच्या मामानं पिशवीतून टिनाची गंजकी कट्यार काढली, तिच्यावर लिंबू खोचलं आणि नवरदेव आत गेला. मंगलाष्टकं झाली, तांदूळ पडले. गुणवंतराव दोन्ही हात रिकामे धरून उभे होते. त्यांनी केलेली कट्यार एका खुर्चीवर पडून होती, आणि त्या खुर्चीवर बसायला काय, शेजारी बसायलाही कुणी तयार नव्हतं.

ऊन उतरल्यावर नवरी सासरी गेली आणि लटारूची माणसं मांडव सोडायला लागली. लटारूनं कट्यार पाहिली. असला माल आपल्याकडे कधी नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगितलेली गोष्ट खोटी कशाला पाडा? "जंगू," तो ओरडला, "खुर्च्यांसंगं तेबी टाक टेंपोत. आपलीच हाये म्हनते."

जंगू खुर्च्यांची चळत खाली ठेवून जवळ आला. वाकून बघितलं. मग सरळ झाला आणि गुणवंतरावांकडे बघत म्हणाला, "मी नाई धरत."

"काऊन रे? प्लास्टिकची हाये," लटारू म्हणाला.

"त्याईच्या हातात हाये ना," जंगू म्हणाला. "साहेबाच्या हातात गेली, प्लास्टिक झाली. बाबूसाबच्या हातात प्लास्टिक. माह्या हातात आली का तिचं शिंग होते."

लटारूनं एकदा मूठ पाहिली, एकदा गुणवंतरावांचा चेहरा, आणि ताडपत्रीची घडी घालायला निघून गेला. जंगू तिथेच उभा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. उलट तो थोडा मजेत होता, आणि त्याचंच गुणवंतरावांना जास्त लागलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. एखादं वाक्य, जे त्या दिवशी कचेरीत बोलायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या सहीशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फडक्यात कट्यार गुंडाळली आणि मागच्या दारानं शेडमध्ये नेली.

मूठ पक्की बसवलेली होती, त्यांनीच बसवली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती निघता निघेना. बाहेर टेंपो भरला जात होता, घरात उरलेल्या पाहुण्यांचा चहा चालला होता. शेवटी त्यांनी भट्टी पेटवली, पोरीचं केस वाळवायचं यंत्र चालू केलं आणि कट्यार मुठीसकट निखाऱ्यात खुपसली. शिंग काळं पडलं, तडतडलं. पातं लाल झालं आणि वर्षभरात एकदाच नीट बसलेलं त्याचं पाणी उतरलं. गुणवंतरावांच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. धूर होताच, पण वाईटही फार वाटत होतं. पात्याचं वाटत होतं. जंगूचं वाटायला त्यांना अजून वेळ होता.

आणि वास सुटला. जळक्या शिंगाचा वास या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. तो अंगणात पसरला, कुंपणावरून शेजारी गेला, चहाच्या कपांवरून पाहुण्यांच्या नाकात शिरला. गुणाबाईंनी कप खाली ठेवला. टेंपोवर खुर्च्यांच्या ढिगावर बसलेल्या जंगूनं मान वळवून शेडकडे पाहिलं आणि नाकाला गमछा लावला.

ज्योत्स्नाबाई बोथट विळी हातात घेऊन दारात आल्या. "अहो, काय जळून राह्यलं?"

गुणवंतरावांनी बाहीनं डोळे पुसले. दारात पाहुणे जमले होते.

"प्लास्टिक," ते म्हणाले.