जवळ म्हणजे नक्की कुठं?

मी सारजाची तिपाई बोलतेय. एका जागी स्वस्थ राहणं मला कधी मिळालंच नाही, म्हणून बोलणंही जरा धावतं होईल. सांभाळून घ्या.

कळंबच्या सोनबा सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि सारजाच्या लग्नात दिलं. तिचा नवरा कुंडलिक साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता. साहेबांची इंग्रजी ऐकून ऐकून त्याला बरीच येऊ लागली होती.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर गावालगतच्या लहानशा दवाखान्यात मद्रासकडच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना मराठी येईना, बायकांना इंग्रजी कळेना. मध्ये बोलायला बाईमाणूस हवं होतं. सारजा बारामतीला सातवीपर्यंत शिकलेली. ते काम आपणच करायचं म्हणून तिनं कुंडलिकाकडं इंग्रजी शिकवायचा हट्टच धरला.

मग अंगणात मी आणि एक तांब्या.

“तांब्या कुठं हाय?” कुंडलिक विचारी.

“निअर.”

“अगं, तिपाईला खेटून हाय. बिसाइड म्हण. निअर म्हंजे जवळपास कुठंबी.”

“आपल्यात समदं जवळच की, अवं!”

तांब्या माझ्या पोटाखाली गेला की ‘अंडर’. तो पलीकडं खालच्या पायरीवर ठेवला की ‘बिलो’.

“दोन्ही खालीच न्हवं का?”

“थेट खाली असलं तर अंडर. नुसतं खालच्या अंगाला असलं तर बिलो.”

इकडं ओढ, तिकडं ओढ, माझे पाय झिजले. सारजा भाकरी थापता थापता पुटपुटायची आणि तव्यावरची करपायची. पण काम मिळालं. दवाखान्यात बसायला काही नव्हतं, म्हणून तिनं मलाही नेलं.

एके दिवशी जोतीराम बैलगाडीतून बायकोला घेऊन आला. प्रयागबाई माझ्यावर वाकडी होऊन बसली. “बेंबीजवळ दुखतंय, बाई,” एवढंच म्हणाली. लाजेनं पोटाला हात लावू देईना.

“पेन निअर नेव्हल,” सारजानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, उद्या यायला सांगितलं. गाडी निघाली.

सारजाला चैन पडेना. तिनं मला उचललं, कोपऱ्यात ठेवलं, पुन्हा उचललं. “निअर म्हणले मी... पर तिचा हात कुठं हुता?”

ती धावत सुटली. “जोतीरामदादा, गाडी थांबवा!”

प्रयागबाई पुन्हा माझ्यावर बसली. घामानं तिचं लुगडं ओलं झालं होतं.

“वहिनी, लाजू नगा. आता दुखतंय तितं बोट ठिवा.”

“सकाळी बेंबीभवती हुतं. आता हितं सरकलंय,” म्हणत तिनं उजव्या अंगाला, खाली बोट ठेवलं.

सारजा वळली. “फर्स्ट, अराउंड नेव्हल. नाऊ, बिलो. राइट साइड.”

“अंडर द रिब्ज?” डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून लगेच विचारलं.

“नो, नो. बिलो नेव्हल.”

पडदा ओढला गेला. आत प्रयागबाई किंचाळली. डॉक्टरीणबाईंनी स्वतःची मोटार काढली, सारजा मागं बसली, आणि प्रयागबाईला घेऊन मोटार बारामतीकडं धुरळा उडवत गेली.

बैल सोडून जाता येईना म्हणून जोतीराम मागं राहिला. बसे, उठे, रस्त्यापर्यंत जाऊन परत माझ्यावर टेके. “बारामती लई लांब केली देवानं,” असं बैलांनाच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सारजा आली. डोळे लाल, आवाज बसलेला. “आतड्याचं सुजलेलं शेपूट फुटायच्या आत कापलं, दादा. बोलतीया ती. तुमी जेवला का, ते इचारतीया.”

जोतीरामनं बैलाच्या मानेवर डोकं टेकवलं आणि पोरासारखा रडला.

आता दवाखान्यात आत लोखंडी स्टूल आलंय. मी ओसरीवर असते. माझा एक पाय हलतो. आत कुणी कण्हत असलं की बाहेरची माणसं माझ्यावर टेकतात आणि लगेच उठतात. त्यांना एवढंच सांगायचंय: घटकाभर बसा. मी डुगडुगते, पण पाडत नाही.