चिमट्याचा जळफळाट

मी चिमटा बोलतोय. घड्याळ नव्हे, चिमटा! घड्याळाचं कौतुक अख्खी दुनिया करते. मला कोण विचारतंय?

इवाते डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या कारखान्यात, ओइकावासान हातांनी उंची घड्याळं जुळवायचे. एकतीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या टेबलावर आलो तेव्हा अगदीच ओबडधोबड होतो. त्यांनी मला दगडावर घासून घासून आपल्या बोटांना बसेल असं टोक काढलं. आमच्याकडे ज्याचा हात, त्याचाच चिमटा. उसना कुणी मागत नाही. केसाहून बारीक स्प्रिंग मी उचलायची, मी वळवायची, मीच जागेवर बसवायची. आणि मिरवणार कोण? ते घड्याळ!

घड्याळ पुरं झालं की ओइकावासान ते मऊ कापडाने पुसत, पेटीत ठेवत आणि हळूच म्हणत, "जाऊन ये हं." घरातून निघालेल्या माणसाला म्हणावं तसं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कालचं आलेलं ते, त्याचे एवढे लाड. मी जन्मभर राबतोय, मला एक शब्द नाही!

समोरच्या टेबलावरच्या चिबाबाई चिडवायच्या, "ओइकावासान, घरी बायकोला तरी म्हणता का हो असं?"

"तीच मला म्हणते. डबा हातात देऊन हाकलते!"

गेल्या हिवाळ्यात त्यांचा हात कापू लागला. ते सगळ्यांत आधी मला कळलं. निवृत्तीचा दिवस ठरला, आणि खोटं कशाला बोलू, मी मनात मांडे खाऊ लागलो. घड्याळं परक्यांच्या मनगटावर जाणार. मी मात्र ओइकावासानांच्या खिशातून त्यांच्या घरी! बसा म्हटलं जळत.

शेवटच्या दिवशी ते मला घेऊन चिबाबाईंपुढे उभे राहिले. "हा तुम्ही ठेवा."

"अहो, आपला चिमटा कुणी देतं का? घरी न्या की."

"घरी काय करील तो? लोणचं उचलील? तुमच्या हाताला बसेल असा घासून घ्या."

मग त्यांनी मला मऊ कापडाने पुसलं, बाईंच्या तळहातावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "जाऊन ये हं."

ज्या शब्दांसाठी मी एकतीस वर्षं जळलो, ते हेच. ज्याला सोडायचं असतं त्यालाच ते म्हणतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. घड्याळं निदान दुरुस्तीला तरी परत येतात.

आता चिबाबाई मला दगडावर घासतायत. बाई चांगल्या आहेत, हात हलका आहे. पण बाई, जरा बेताने. थोडे ओइकावासान राहू द्या माझ्यात.