टाळ्यांत हरवलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. खडूने लिहायची नव्हे, चित्रांची. माझ्या कडा फुटल्या आहेत आणि अंगावर दातांच्या खुणा आहेत. तरी माझी कहाणी ऐकाल ना?

माझा जन्म थेरपीच्या बाईंच्या टेबलावर झाला. त्यांनी जाड प्लास्टिकचा तुकडा कापला, त्यावर चिकटपट्ट्या लावल्या आणि काढता-लावता येतील अशी छोटी छोटी चित्रं बसवली. पाणी, झोका, आणखी, नको, दुखतंय. मग त्यांनी मला बबडीच्या आईच्या हाती दिलं.

बबडी चार वर्षांची होती. तिला ऑटिझम होता आणि ती बोलत नसे. बोलत नसे म्हणजे तिला काही सांगायचं नव्हतं असं नाही बरं का! हवं ते चित्र माझ्यावरून सोडवून समोरच्याच्या हातात द्यायचं, एवढं तिला शिकायचं होतं. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दमूनभागून घरी आली, तरी मला घेऊन जमिनीवर बसायची. बबडी मला चावायची, भिरकावून द्यायची. आई मला पुन्हा उचलून आणायची.

एके दिवशी बबडीने पाण्याचं चित्र माझ्यावरून ओढून काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. आई हरखून गेली. तिने लेकीला उचलून गरागरा फिरवलं, टाळ्या वाजवल्या, आणि या गडबडीत पाणी द्यायचं बराच वेळ राहूनच गेलं! त्या दिवसापासून नवं चित्र दिलं की टाळ्या, असा घरात रिवाजच पडला. मलाही आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग थंडी आली. बबडीला सर्दी झाली. रविवारी मावशी घरी आली असताना बबडी कोपऱ्यातून उठली, माझ्याजवळ आली आणि तिने आजवर कधी न दिलेलं चित्र ओढून काढून आईला दिलं. दुखतंय.

"अगं बाई! ताई, बघितलंस का? आपणहून दिलं!" आई ओरडलीच.

"थांब, फोन काढू दे मला," मावशी म्हणाली. "बबडे, पुन्हा दे बघू!"

बबडीने पुन्हा दिलं. पुन्हा टाळ्या. अर्धी दाढी झालेले बाबा धावत आले. तिने ते चित्र त्यांच्या मुठीत कोंबलं.

"शाब्बास गं माझी वाघीण!"

अहो, त्या चित्रात काय आहे ते बघा ना! मी तळमळत होते, पण मला कुठलं तोंड? बबडीने तिघांच्या हातांकडे पाहिलं. मग ती मला कडकडून चावली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली.

"फार गलका केला आपण. दमली पोर," मावशी म्हणाली. त्यांनी तिला थोपटून झोपवलं.

सकाळी उशीवर पू आणि रक्त होतं. कानाचा पडदा फाटला होता. दवाखान्यात मी आईच्या पिशवीत होते.

"दुखतंय असं काही दाखवलं नाही का हिने?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाखवलं होतं," आई म्हणाली. "आम्ही टाळ्या वाजवल्या."

डॉक्टर खाली बघून औषध लिहीत राहिले.

कान हळूहळू बरा झाला. पण बबडीने माझ्याकडे पाठ फिरवली. मी कपाटावर धूळ खात पडले. पुढे आईनेच मला खाली काढलं, पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता बबडी पाणी मागते, झोका मागते. वेणी घालताना 'नको' हातात ठेवलं, की आई मुकाट्याने फणी खाली ठेवते.

माझी बाकीची चित्रं हाताळून विटली आहेत. 'दुखतंय' मात्र अजून नव्यासारखं आहे. काही दुखलं की बबडी पलंगाखाली जाऊन पडते. मग आई जमिनीवर पालथी होते, आणि कानामागे, पोटावर, हिरड्यांवर हात फिरवत कुठे दुखतंय ते शोधत राहते.

मित्रांनो, कुणी पहिल्यांदा काही सांगितलं, तर आनंद जरूर करा. पण आधी त्याने काय सांगितलं ते ऐका. दुसऱ्यांदा सांगायला तो येईलच, असं नसतं.