हिरव्या दगडाचं पीठ

पौषातली दुपार. करेगुड्ड्याच्या माथ्यावर उन्हानं पातळ, पिवळी साय धरलेली. करेगुड्डा म्हणजे कानडीत काळा डोंगर. नाव ठेवणाऱ्यानं तो लांबूनच पाहिला असणार, कारण जवळ गेलं की डोंगर काळा नाही, हिरवा आहे. आणि हिरवा म्हणजे झाडांनी नव्हे हो! झाडं तिथं आहेतच कुठं? चार बाभळी, दोन निवडुंग; बाकी शिळा, शिळा आणि शिळा. हिरवेपण त्या शिळांचंच.

किती जुना हा डोंगर? जुना म्हणायलाही जेव्हा कुणी नव्हतं, तेव्हाचा. हवेत प्राणवायू नव्हता, भूमीवर तृण नव्हतं, जळात मासा नव्हता. तेव्हा त्या निर्मनुष्य, निःशब्द, निस्तृण पृथ्वीवर समुद्राच्या तळाशी तप्त रस फुटला, आणि पाण्याचा स्पर्श होताच गोळ्यागोळ्यांनी थिजला. उशांसारखे ते गोळे अजून डोंगराच्या कुशीत एकावर एक रचलेले दिसतात. मग युगायुगांचा भार त्यांच्यावर आला, युगायुगांचा दाह आला, आणि कृष्णवर्ण पाषाण हरितवर्ण झाला. त्याच्या भेगांतून उष्णोदक वर चढलं, जाताजाता गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, शुभ्र शिरा मागे ठेवून गेलं. त्या शिरांत सोनं आहे, पण कुठंकुठंच.

त्या कुठंकुठंच्या मागं एक माणूस जन्मभर हिंडला. गजानन हुक्केरीकर, म्हणजे अप्पा, मूळचे बेळगावचे, खाणीच्या कंपनीतले भूवैज्ञानिक. पायथ्याच्या वसाहतीत त्यांचं बिऱ्हाड होतं. बायको लवकर गेली, तेव्हा एकुलत्या एका मुलीला त्यांनी दगडांतच वाढवलं. मुलगी वसुंधरा, घरातली वसू, तीही दगडवालीच झाली. त्याच कंपनीत, त्याच डोंगरावर. अप्पा निवृत्त झाले, पण घरी बसतील तर शपथ! रोज सकाळी लेकीबरोबर गुड्डा चढायचे. 'पगार तुझा, पाय माझे,' म्हणायचे.

हातोड्याखाली फुटलेल्या दगडाला लसणाचा वास आला, की अप्पांची कळी खुलायची. सोन्याच्या शेजारानं राहणारं एक खनिज आहे, त्याला घाव बसला की ते लसणीसारखं दरवळतं. 'वसू, फोडणी बसली बघ!' असं ते ओरडायचे, आणि दोघं जण दगड नाकाशी धरून लहान पोरांसारखी हसायची.

आणि एका सकाळी, पायरीवर बसून बूट घालता घालता, एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसऱ्याची राहिली होती, अप्पा तसेच भिंतीला टेकले. वसुंधरा आतून पाण्याची बाटली भरून घेऊन आली, तोवर सगळं आटोपलं होतं.

ती रडली नाही. माणसं आली, ती रडली नाही. माणसं गेली, ती रडली नाही. 'पोरीनं मनाला लावून घेतलंय,' बायका म्हणाल्या. मनाला काही लागत होतं कुठं? बधिर मन, बधिर हात, बधिर उजेड. भात गिळायचा म्हणून गिळला, निजायचं म्हणून निजली. अप्पा गेले हे तिला माहीत होतं. पण कुणा तिऱ्हाइताचं काही ऐकावं, तसं माहीत होतं.

क्रियाकर्म तिनंच केलं. तिचे धाकटे काका, बंडूकाका, बेळगावहून धावत आले होते. जुन्या वळणाचा, रागीट, मनानं मऊ माणूस. आधी ते कुरकुरले, मग म्हणाले, 'कर बाई, तूच कर. पण नीट कर.' खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन ती चितेभोवती फिरली. काकांनी तिथलाच एक खडा उचलून मडक्याला भोक पाडलं, आणि तो खडा तिच्या तळहातावर ठेवला.

'हा जीवखडा. दहाव्याला नदीत सोडेपर्यंत हाच दादा. सांभाळ गं.'

वसुंधरेनं मूठ मिटली. जन्मात एक दगड न निरखता सोडला नव्हता तिनं, पण तो खडा तिनं पाहिला नाही. अस्थी सावडून काका बेळगावला परतले, दहाव्याला यायचं सांगून. ती रोज सकाळी अंगणातल्या कोनाड्यात पितळी वाटीपुढे बसायची, खड्यावर तिळाचं पाणी घालायची, आणि त्याच्यातून आरपार कुठंतरी बघत राहायची.

अंगणात दगडांचा ढीगही पडून होता. अप्पा जाण्याच्या आदल्या दिवशी बापलेकीनं डोंगरावरच्या एका चरातून फोडून आणलेले नमुने. आता एका चराचे नमुने म्हणजे असं, की सगळ्यांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्यायचा, सगळे मिळून एकत्र दळायचे, आणि त्या पिठावरून कळायचं, चरात सोनं आहे की नाही. ठिपके द्यायचे राहिले होते.

नवव्या दिवशी सकाळी तिनं खड्यावर तिळाचं पाणी घातलं. ओला खडा हातात घेऊन ती उठली. का उठली, देव जाणे. ढिगापाशी रंगाचा डबा दिसला, ब्रश दिसला, आणि हात आपले आपण कामाला लागले. डावीकडचा दगड उचलायचा, ठिपका द्यायचा, उजवीकडे ठेवायचा. उचलायचा, ठिपका, ठेवायचा. त्या लयीत तिला बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, काहीच वाटत नव्हतं. दुपारी कंपनीचा फकीराप्पा आला, दोन पोती भरली, आणि दळायच्या शेडकडे घेऊन गेला.

तिसऱ्या प्रहरी बंडूकाका आले. पाय धुतले, पंचा खांद्यावर टाकला, आणि पहिला प्रश्न केला, 'जीवखडा कुठाय? उद्याची तयारी बघू दे.'

कोनाड्यात वाटी होती. वाटीत पाणी होतं. पाण्यावर चार तीळ तरंगत होते. खडा नव्हता.

वसुंधरा वाटीकडे बघत उभी राहिली. मग तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला पांढरा रंग वाळला होता.

'आणते,' एवढंच ती म्हणाली, आणि अनवाणी चालू लागली.

शेड लांब नव्हती. पण लांबूनच ती घरघर ऐकू आली. लोखंडी जबडा दगड चावत होता, त्याखालची चक्की भुगा दळत होती, आणि साऱ्या शेडभर हरितधूसर धुरळा तरंगत होता. उन्हाच्या तिरीपेत तो इतका सुंदर दिसत होता, की कुणालाही क्षणभर थांबून बघावंसं वाटलं असतं. वसुंधरा किंचाळली, 'बंद कर! फकीराप्पा, आधी बंद कर!'

जबडा थांबला. 'काय झालं, बाई? एक पोतं झालं की दळून.'

'ह्यात अप्पा आहेत.'

फकीराप्पा आधी चक्रावला. मग तिनं सांगितलं तसं त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं जबड्याला हात जोडले. 'शिवा, शिवा! आता काय करायचं, बाई?'

एक पोतं अजून शाबूत होतं. तिनं ते जमिनीवर ओतलं. सगळे दगड हिरवट करडे, सगळे फोडलेले, सगळ्यांवर तिच्याच हातचा एकेक पांढरा ठिपका. नदीकाठचा खडा असता तर गुळगुळीतपणावरून कळला असता. पण त्या स्मशानाची वाट डोंगराच्याच फोडलेल्या दगडांनी भरलेली. खडा त्याच डोंगराचा, त्याच वयाचा, त्याच रंगाचा. कसा ओळखायचा, सांगा बरं?

तिचा हात सवयीनं हातोड्याकडे गेला, आणि तिथंच थबकला. फोडायचा कुठला? ह्यातला कुठलाही अप्पा असतील.

मग ती गुडघ्यांवर बसली, आणि एकेक दगड उचलून जिभेनं चाटू लागली. दगडवाल्यांची ही जुनी खोड. धुरळ्याखालचा रंग बघायला थुंकी लावतात, जीभही लावतात. पण ती रंग बघत नव्हती. ती तीळ शोधत होती. जीभ फिरली तिथं दगड जागा होत होता. एकातून मोरपंखी हिरवा उजळला, एकातून सुयांसारखे कृष्णस्फटिक, एकात लोहाचे रक्तवर्ण पट्टे, एकात गंधकाची पिवळी चमक. जीवसृष्टीच्या आधीचं ते सारं वैभव तिच्या जिभेवर येत होतं, आणि सगळ्याला चव एकच, मातीची. एकावर म्हणून तीळ नव्हता. ओठ फुटले, रक्त आलं, तरी तिला कळलं नाही.

'बाई, सोडा की,' फकीराप्पा काकुळतीला आला. 'कोणता बी घ्या. दगुड ते दगुड. कुणाला कळतंय?'

ती उठली. बंद पडलेल्या जबड्यापाशी गेली, लोखंडी दातांवरून बोट फिरवलं. एका दातावर, दगडाच्या भुग्यात, एक काळा तीळ चपटा होऊन चिकटला होता. भोवती नखाएवढा तेलकट डाग.

तिथं मात्र काही शोधायचं उरलं नाही. खाली भुग्याचं पोतं उभं होतं, काठोकाठ. पिठासारखं मऊ, हिरवट, अजून कोमट.

बंडूकाका मागोमाग आलेच होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्यांचा तोल गेला. 'अगं, बापाचा जीवखडा तो! चटणीचे दाणे दिल्यासारखा दळायला दिलास? काय म्हणावं तुला? म्हणून म्हणत होतो मी, नीट कर, नीट कर!'

तिचे फुटलेले ओठ, हिरव्या धुरळ्यानं माखलेले केस, अनवाणी पाय काकांनी बघितले, आणि त्यांचा राग ओसरला. ते म्हणाले, 'बरं, झालं ते झालं. दुसरा खडा घेता येतो. शास्त्रात सोय असते. गुरुजींना सांगतो मी.' खाली वाकून त्यांनी एक दगड उचलला, पंच्यानं पुसला, आणि तिच्यापुढे धरला. 'हा घे, बाळ.'

तिनं तो घेतला. चांगला होता दगड. शुभ्र गारेची शीर होती त्यात, कडेला किंचित पिवळी झाक. अप्पांनी पाहिला असता तर हरखून गेले असते. मुठीत बसत होता, नदीत सोडता आला असता, मंत्र म्हणता आले असते, आणि जगाच्या पाठीवर कुणाला काही कळलं नसतं.

'काका,' ती म्हणाली, 'हे अप्पा नाहीत.' दगड तिनं अलगद खाली ठेवला. पोत्यावर हात ठेवला. 'अप्पा इथं आहेत. मीच घातलेत. कुठला कण त्यांचा ते मला सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्याच कुणाला अप्पा म्हणू?'

शेडमध्ये धुरळा हळूहळू खाली बसत होता. जबड्यावर बसत होता, जमिनीवर बसत होता, तिघांच्या खांद्यांवर बसत होता. काका पुढे झाले, पोत्याचं तोंड गोळा करून त्यांनी मुठीत धरलं.

'जड असेल ना?' त्यांनी फकीराप्पाला विचारलं. 'दोघांना उचलेल?'

फकीराप्पा घुटमळला. 'पर सायबांनी विचारलं तर? चराचं पीठ कुठं गेलं म्हणून?'

'सांग, बाईंनी नदीत सोडलं,' वसुंधरा म्हणाली. 'चर मी परत खणीन.'

दहाव्याची सकाळ. तुंगभद्रेवर धुकं विरत होतं, पाणी शांत, स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं. गुरुजींनी पोत्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मंत्राला सुरुवात केली. काका आणि पुतणी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पोतं काठावरच्या खडकावर टेकवलेलं, फकीराप्पानं धरलेलं.

पहिली ओंजळ तिची. दुसरी काकांची. ओंजळीमागून ओंजळ. मंद, मूक, हरित. पीठ पाण्यावर क्षणभर तरंगायचं, मग आळसावल्यासारखं पसरायचं, मग प्रवाहाबरोबर निघायचं. समुद्राच्या तळाशी जन्मलेला दगड पुन्हा पाण्याला मिळत होता, आणि त्याच्या कणाकणांत एक म्हातारा माणूस मिसळून चालला होता. काका दर ओंजळीला हळूच म्हणत होते, 'दादा, सावकाश जा. दादा, सांभाळून.'

वसुंधरेचे हात चालत होते, पण डोळे कोरडेच. ओंजळ भरायची, सोडायची. भरायची, सोडायची. पोत्याचा तळ दिसू लागला.

शेवटची मूठ तिच्या हातात आली, आणि मूठ उघडेना.

'सोड, वसू,' काका म्हणाले.

'काका, ह्याच मुठीत असले तर?'

काकांनी स्वतःचे दोन्ही हात तिच्या मुठीखाली धरले. 'असतील गं,' ते म्हणाले. 'असतील. सोड.'

इतके दिवस तिच्या आत जे थिजून बसलं होतं, ते हुंदका होऊन, हाक होऊन फुटलं. 'अप्पा गेले, काका! माझे अप्पा गेले!' असं ती मोठमोठ्यानं म्हणू लागली, जणू ही बातमी आत्ता आली होती, आणि ती घेऊन आलेलीही तीच होती. काका रडले. काठावरचा फकीराप्पा रडला. गुरुजींचा मंत्र मध्येच अडखळला.

आणि मूठ उघडली.

नदी हिरवी झाली. क्षणभर, त्या दोघांच्या पायांभोवती, नदी हिरवी झाली. मग फिकी झाली. मग नुसती वाहू लागली.